हद्दीपासून चार घरं

अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर काळाकुट्ट नकाशा आहे. मधोमध थोडासा उजेड: जरा गवत, एक टेकडी, नदीचं वळण. वस्ती करायला निघालेल्या माणसांची एक टोळी तुमच्या हाताशी आहे आणि राखणीला एक शिपाई. बाकी जग कुठे आहे, शेजारी कोण आहे, काही माहीत नाही. पहिलं गाव कुठे वसवाल?

बहुतेक जण नदीकाठी वसवतात. माझ्या आत्यानं टेकडीच्या माथ्यावर वसवलं.

तिला दोष तरी कसा द्यायचा? चौतीस वर्षं तिनं जमिनी मोजल्या. मोजणीचं पहिलं ठाणं उंचावर धरायचं, तिथून दुसरं आणि तिसरं दिसलं पाहिजे, आणि तिघांचा त्रिकोण ऐसपैस पडला पाहिजे, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. ऑफिसात तिला साखळीबाई म्हणत, कारण नवी यंत्रं आली तरी लोखंडी साखळी टाकून खात्री केल्याशिवाय ती सही करत नसे. तर साखळीबाईंनी कॉम्प्युटरवरही तीन टेकड्यांवर तीन गावं वसवली. पन्नास खेळ्या झाल्या तरी एकाही गावात माणूस वाढेना, कारण एकालाही पाणी नव्हतं.

"त्रिकोण मात्र बघ कसा पडलाय," ती मला म्हणाली.

आत्या आमच्या मागच्या खोलीत येऊन पडली होती ती पाय मोडला म्हणून. निवृत्तीला महिना उरलेला असताना, यंत्राची तिपाई खांद्यावर घेऊन चालताना ती कुणीतरी उघड्या ठेवलेल्या चरात पडली. ती एकटी राहते, म्हणून बाबाच तिला घरी घेऊन आले. आठ आठवडे प्लास्टर. मी इस्त्रीचं टेबल पलंगाला लावून त्यावर माझा लॅपटॉप ठेवला आणि तिला हा राज्य वसवण्याचा खेळ लावून दिला. आपली खेळी करायची, मग बाकीचे राजे आपापली करतात. कुणालाही घाई नसते. तिला तो पटकन मानवला.

बाबा तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, शिकवलं. बाविसाव्या वर्षी त्यांना परगावी नोकरी लागली, तेव्हा ती आधी जाऊन त्यांची खोली बघून आली, खानावळ ठरवून आली, घरी कुठल्या रविवारी यायचं तेही लिहून दिलं. बाबांनी चार महिन्यांत खोली बदलली आणि वर्षभर पत्ता कळवला नाही. भांडण असं झालंच नाही. पण तेव्हापासून दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत आली होती, आणि आता तर मध्ये मी होते. "तिला विचार, उशी हवी का." "त्याला सांग, हवी असती तर मागितली असती." दोघांच्या मध्ये भिंत होती ती प्लायवूडची. उत्तर मी पोचवायच्या आधीच पोचलेलं असायचं, तरी मला जावं लागे.

दुसऱ्या डावात आत्यानं नदी धरली. मग तिचा हात कुणी धरू शकेना. साठ खेळ्यांत सहा शहरं. शेजारी एक वेणीदार दाढीचा राजा निघाला. त्यानं नमस्कार पाठवला, हिनं वकील पाठवला, घोडे आणि लोखंडाची देवाणघेवाण सुरू झाली. हा शेजारी भला आहे, असं ती मला रोज सांगायची.

एके दिवशी त्या राजाचा निरोप आला: तुम्ही आमच्या फार जवळ वस्ती करताय, यापुढे करणार नाही असा शब्द द्या. आत्यानं शब्द दिला. आणि दोन खेळ्यांनी सातवं शहर वसवलं, त्याच्या हद्दीपासून मोजून चार घरं सोडून. नकाशावरच्या षटकोनी खणांना ती घरं म्हणे.

राजानं वकील परत धाडला, घोडे बंद केले आणि ही बाई शब्द फिरवते म्हणून जगभर बोभाटा केला. बाकीचे राजेही तिला पाण्यात पाहू लागले. आत्याला हे फार लागलं. दुपारभर तिचं एकच चाललेलं: चार घरं सोडलीत, कुणीही येऊन मोजावं.

संध्याकाळी बाबा आपल्या चष्म्याच्या दुकानातून आले. त्या दिवशी चहाचा कप माझ्या हाती न देता ते स्वतःच आत गेले. स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले.

"मोजणी बरोबरच असणार, ताई. तुझी कधी चुकलीय? पण त्याच्या मागे समुद्र आहे, आणि दोन्ही अंगांना तू. त्यानं जायचं कुठे?"

आत्यानं विचारलं, "म्हणून तेव्हा पत्ता कळवला नव्हतास?"

बाबा पलंगाच्या कडेला टेकले. "तू होतीस म्हणून मी शिकलो. हे रोज मनात म्हणतो, तुला कधी म्हटलं नाही. पण पलंग कुठल्या भिंतीला लावायचा तेसुद्धा तू ठरवून गेली होतीस गं."

"उजेड त्या बाजूनं येत होता."

"येत होता," बाबा हसले. "नव्या खोलीतही मी तसाच लावला."

मी दारातूनच मागे फिरले. मधल्या वकिलाची नोकरी गेली होती आणि मला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी एकत्र नवा डाव मांडला. प्लास्टर निघालं, आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी गेली, तरी डाव चालूच आहे. रोज एक खेळी, मेलवरून. खेळीबरोबर तब्येत, दुकान, टोमणे असं सगळं जातं. चर उघडा ठेवणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची म्हणून ऑफिसनं कागद पाठवला होता. तो तिनं कोराच परत केला. म्हणाली, त्या माणसाचे तर मला आभार मानायचेत, तक्रार कसली.

दोघांच्या राज्यांमध्ये एक पठार आहे. नदी, काळी जमीन, घोड्यांचे कळप. आत्याची टोळी वीस खेळ्या झाल्या, पठाराच्या कडेला थांबून आहे. ती पुढे जात नाही. बाबांची माणसंही कडेपर्यंत येतात आणि परत फिरतात.

काल मी तिच्याकडे गेले, तर तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. सरळ विचार की त्यांना, मी म्हटलं.

"विचारलं तर तो लगेच म्हणेल, ताई, तू घे. मग काय कळणार?" ती म्हणाली. "तू त्याच्या घरात राहतेस, तू सांग. त्याला ती जागा नकोच आहे, की त्यानं ती माझ्यासाठी सोडलीय?"