अकरा दिवसांनी मोठा

एल्म गावच्या नेमबाजी मेळ्यात फ्रिडोलिन आणि त्याचा दोस्त बाल्झ यांचे गुण सारखे झाले. मध्याच्या सर्वांत जवळची गोळी मोजली, तीही सारखीच निघाली. मग नियमाप्रमाणे वयाने मोठा तो पहिला. फ्रिडोलिन अकरा दिवसांनी मोठा होता.

"म्हातारा म्हणून जिंकलास!" बाल्झ हसत म्हणाला. "थांब, मीही होईन म्हातारा."

त्याच हिवाळ्यात रानात झाड तोडताना ते बाल्झच्या अंगावर पडलं आणि तो गेला.

फ्रिडोलिन गाई राखायचा, चीज करायचा आणि दर उन्हाळ्यात मेळ्याला जायचा. वय वाढलं तशी जवळजवळ प्रत्येक बरोबरी त्याच्याच पदरात पडू लागली. लोक थट्टा करत, पण त्याला हसू येत नसे. पालथं झोपून नेम धरला की शेजारच्या चटईवरून बाल्झचा श्वास ऐकू येई. तिकडे मान वळवायची त्याची हिंमत होत नसे.

सत्तराव्या वर्षी त्याची बरोबरी झाली ती बाल्झच्या मुलीशी, रेगुलाशी.

"पहिला नंबर तिलाच द्या," तो मेळ्याच्या चिटणिसांना म्हणाला.

"नियम आहे, फ्रिडली. माझ्या हातात काय?"

रेगुलानंच त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवला. "काका, रडताय कशाला? बाबा असते तर सगळ्यांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या असत्या."

"तुझे बाबा चौतीस वर्षांचेच राहिले गं," फ्रिडोलिन म्हणाला. "आणि मी नुसता मोठा होत चाललोय."

त्यानंतर तो मेळ्याला येई, पण बंदूक घरी ठेवून. रेगुला नेम धरी तेव्हा तो मागच्या बाकावर डोळे मिटून, कान लावून बसलेला असे.