सखूच्या वाटणीची हवा

कामथडीला मोटारीची वाट बघत बसलो तवा माझी धाकटी जाऊ सखू रडत हुती, आन् मी मनातनं हसत हुते. खोटं कशाला बोलू? विंझरच्या आमच्या रानात दोघा भावांच्या संसाराची पोटं भरंनात, म्हणून एकानं मुंबैला गिरणीत जायचं ठरलं हुतं. पैल्यांदा नाव निघालं सखूच्या नवऱ्याचं. झालं, माझ्या पोटात दुखाया लागलं. ही कालची पोर मुंबैची लुगडी नेसणार आन् मी हितं शेण काढत बसणार व्हय? तीन दिस मी कुणाशी धड बोलले न्हाई. शेवटी आमचे धनी वैतागून म्हणले, "बरं बाई, आपुन जाऊ." थोरलेपणाचा मान म्हणून सासऱ्यांनीबी मान हलवली.

सासऱ्यांची एक खूण हुती. दुपारी रानातनं ते घराकडं बघायचे. छपरावर धूर दिसला की औत सोडायचे. "जितं धूर, तितं भाकर," म्हणायचे. ज्या घरावर धूर न्हाई, तितं उपास न्हाईतर सुतक, एवढंच आमाला ठाऊक. म्हणून गाडीतनं गिरण्यांच्या चिमण्या दिसल्या तवा मी धन्यांना कोपरानं ढोसलं. "अवं, बगा की! केवढा धूर! हितं उपाशी कोन ऱ्हाईल?" तेबी हसले. असली येडी माणसं आमी.

भाकर मिळाली, न्हाई म्हणत न्हाई. खोली मिळाली, पितळंची घागर आली, सखूला दाखवायला दोन लुगडी आली. पर लुगडं वाळत घातलं की सांजंपतुर काजळी धरायचं, पुन्ना धुवावं लागायचं. गावाकडं आमी रिठ्यावर भागवायचो. हितं साबण इकत, आन् त्यो कंदी पुरायचा न्हाई. लुगडं नेसून फाटायच्या आधी धुऊनच फाटायचं.

धनी कापूस पिंजायच्या खात्यात. आत कापसाचा भुरा, भायेर चिमणीचा धूर. दोन वर्सांत खोकला लागला. खोकला आला की खाडा, खाडा पडला की पगार कापला, पगार कापला की औषध बंद, आन् औषध बंद की पुन्ना खोकला. डाक्टर म्हणायचा, हवापालट करा. त्येवढे दिस चूल कशावर पेटवायची, त्ये काय त्यानं सांगितलं न्हाई.

एकदा संप झाला. चिमण्या थंड पडल्या. तिसऱ्या आठवड्यात धन्यांचा खोकला उतरला, जिना न थांबता चढून आले. मी खुशीत पिठाचा डबा उघडला, तर तळ दिसला. छाती मोकळी झाली तवा पोट रिकामं. भोंगा वाजला तशी भाकर आली आन् तिच्या मागनं खोकलाबी आला. त्या दिशी मला सासऱ्यांचा लई राग आला. त्या म्हाताऱ्या माणसाचं काय चुकलं हुतं म्हणा!

वर्सातनं एकदा गावी जायचे तवा सखू डोईवर दोन हंडे घेऊन चढण चढायची आन् वर येऊन गप्पा मारायची. धाप म्हंजी काय, तिला ठाऊकच न्हाई. माझ्या लुगड्यावरनं हात फिरवून म्हणायची, "अक्का, नशीबवान वं तुमी." मला वाटायचं, घे बाई लुगडं, पर तुझ्या नवऱ्याची छाती दे. सासऱ्यांच्या मागं रानाची वाटणी झाली, भांड्यांची झाली, पर हवा सगळी तिच्या वाटणीला गेली आन् त्याला कुणी पंच बसला न्हाई. जळले मी. अजून जळते.

मग एक दिस धनी खात्यात भोवळ येऊन पडले. मी त्येंना गावी धाडलं आन् आपुन गिरणीत लागले, रिळं भरायच्या खात्यात. काही महिन्यांनी दिराचं पत्र आलं. दादा बरा हाय, सखूच्या हातची नाचणीची भाकर आन् ताक त्येला मानवलं, आता औत धरतो. मी चाळीत गूळ वाटला, आन् मग मोरीत बसून रडले. सखूच्या हातची! माझ्या भाकरीत काय इख हुतं?

औंदा गावी गेले. लांबनं बांधावर कुणीतरी हाळी देत हुतं. जवळ गेले तवा कळलं, आमचे धनी! इतका भरीव आवाज, मी वळखलाच न्हाई. सखू धावत आली, पिशवी घेतली, पाट मांडला. मी चुलीपाशी बसाया गेले तर म्हणली, "ऱ्हाऊ द्या अक्का, तुमी आता पाव्हण्या." मायेनं म्हणली ती. पर गिरणीत खाडा करणाऱ्याच्या जागी बदली घेत्यात, आन् खाडा लई लांबला की बदलीच कायम हुतो. माझ्या जागेवर सखू कायम झाली हुती.

जेवाया बसलो आन् खोकला आला. ह्या खेपंला माझा. थांबता थांबंना. धन्यांनी घास खाली ठेवला. "तू बी ऱ्हा आता हितंच," म्हणले. मी ऱ्हायले तर त्याच रानावर पुन्ना चौघं, आन् मी मुंबैसनं धाडते ती मनिऑर्डर बंद. हे दिराला न सांगता कळलं. त्यो खालमानेनं म्हणला, "वहिनी, आता माझी पाळी. मी जातो गिरणीत."

सखूची भाकर तव्यावर तशीच करपत ऱ्हायली. इतकी वर्सं मला हेच तर पायजे हुतं! नुसतं "व्हय" म्हणायचं हुतं. जिभंवर आलंबी हुतं.

"कुटं जाताय? मला काय झालंय?" मी म्हणले. "सखू, कालवणात तिखट लई घातलंस बग. ठसका लागला." दुसऱ्या दिशी मी मोटारीत बसले.

बायकांच्या वर्गात अक्षरं शिकले, म्हणून हे लिवते. सखू, कालवणात तिखट बेताचंच हुतं. तुझा मी हेवा करते आन् करत ऱ्हाणार, त्येला इलाज न्हाई. पर तुझ्या नवऱ्याला मुंबैचं नाव काढू देऊ नगंस. गावी तुमी तीन माणसं धाप न लागता चढण चढताय, माझं घर आता तेवढंच.