काकांचं माप

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो विकणाऱ्या काकांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या हाताला टेप लावली नाही. साठीत शिकायला निघालेल्या बाईंनी हट्टानं सगळ्यात मोठा व्हायोला उचलला.

काका म्हणाले, "खांद्यावर धरा. सून आहे ना? तिच्या तक्रारी सांगा."

दोन वाक्यांतच बाईंचा हात भरून आला. "तशी गुणाची आहे हो," म्हणत त्यांनी व्हायोला खाली ठेवला.

मग काकांनी दोन बोटं लहान असलेला दिला. चहावर साय धरली तरी तक्रारी संपेनात, आणि खांदा जागचा हलेना.

"हाच तुमचा!"

काय डोकं आहे माणसाचं, असं म्हणतच बाई घरी आल्या. सुनेनं कौतुकानं विचारलं, "माप कसं घेतलं हो?"

जन्मात पहिल्यांदाच सासूबाईंची बोलती बंद झाली.