उत्तमभाऊंना पोलिसांनी घरी पोहोचवले

मित्रांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हे उत्तमभाऊंना विचारून लिहितो आहे. संध्याकाळी तुम्ही सगळे इथे येता.

उत्तमभाऊ माझे घरमालक. त्यांची बायको त्यांना मारते. मी वरच्या खोलीत राहतो, मला ऐकू येते. काल तिने तापलेले उलथणे त्यांच्या पाठीला लावले. म्हणून आज दुपारी आम्ही पोलीस चौकीत गेलो.

जमादार हसले. "बायकोना मार खाईसन फिर्याद लिखाडाले उना? मिशा काढी टाक रे भाऊ!"

उत्तमभाऊंनी सदरा वर केला. हसणे थांबले. तरी फिर्याद घेतली नाही. घरचे भांडण घरी मिटवा म्हणाले आणि सोबत शिपाई दिला.

शिपायाने दारातूनच हाक मारली, "वहिनी, तुमना माणूसले सांभाळा. तुमनी फिर्याद कराले चौकीमा उना व्हता."

"बसा ना भाऊ, चहा ल्या," ती म्हणाली. शिपायाने चहाची तारीफ केली.

तो गेल्यावर उत्तमभाऊ मला हळूच म्हणाले, "गुरुजी, आज वर जाऊ नका."

इतके दिवस तिला नुसता राग होता. आता कारणही मिळाले आहे.

उद्या पहिल्या एस.टी.ने ते अक्कलकुव्याला बहिणीकडे जातील. प्रश्न आजच्या रात्रीचा आहे, आणि माझी खोली त्यांच्याच घरात आहे. कोणाची ओसरी रिकामी आहे? खाली नाव लिहा. त्यांना काही विचारू नका.

ते इथेच बसले आहेत, बाकाला पाठ न टेकता.