निबंधातली आई

परदेशातल्या विद्यापीठात मला पीएच.डी.ची जागा मिळाली, ती आईला अडाणी ठरवून. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं म्हटलं तर मी पुन्हा काहीतरी सजवून लिहीन, तेवढी माझी मला खात्री आहे.

कुठं जायचं हे ठरवायचं होतं त्या वर्षी माझ्याकडं मतांना तोटा नव्हता. इथं गाईडच्या घरचा गॅस सिलेंडरसुद्धा विद्यार्थ्याला आणावा लागतो, तिकडं प्रोफेसरला नावानं हाक मारतात. इथं पाठांतर, तिकडं विचार. यातलं डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नव्हतं, सगळं मोबाईलवर ऐकलेलं. पण सुट्टीत गावाकडं आलो की वाटूर फाट्यावर चहा पिता पिता मी हे अशा थाटात सांगायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा कालच विमानातून उतरलाय. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

अर्ज दोन ठिकाणी केले. एक दक्षिणेतली संशोधन संस्था, तिथं लेखी परीक्षा आणि मुलाखत. दुसरं परदेशातलं विद्यापीठ, तिथं अर्जासोबत स्वतःविषयी दोन पानांचा निबंध. आमच्याच कॉलेजचा एक सीनियर तिकडं होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "संघर्ष लिही. त्यांना संघर्ष लागतो. तुझ्याकडं आहे ना?"

मी विचारात पडलो. आमचं घर पक्कं, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी, वडिलांकडं मोटारसायकल, आणि शिकू नको असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. संघर्ष म्हणावा असा एकही सापडेना. मग मी आईवर काम भागवलं. इंग्रजीत लिहिलं की माझी आई निरक्षर शेतमजूर आहे. मी प्रयोगशाळेत काय करतो हे तिला कधीच कळणार नाही. तिच्या अंधारातून मी एकटा उजेडाकडं निघालो आहे. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच भरून आलं, इतकं ते छान झालं होतं.

आता खरं काय ते. आई सातवी शिकलेली आहे. आणि राबते ती आमच्याच शेतात, कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर. आमच्याकडं बरेच जण कंपनीसाठी असं संकरित बियाणं पिकवतात. दुपारी बायका उद्या उमलणारी कळी सोलून तिच्यातले पुंकेसर नखानं काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून वेगळ्या लावलेल्या वाणाच्या फुलातला पराग त्या कळीच्या टोकाला लावतात. लावलं की खुणेचा दोरा बांधायचा. मी बारावीत असताना एका हंगामात बोंडं फार गळाली. कंपनीचा माणूस म्हणाला, बायकांचा हात बराबर चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून आईनं सकाळी दहाच्या आत पराग लावलेल्या कळीला लाल दोरा बांधायला लावला आणि दहानंतरच्या कळीला हिरवा. एका ओळीतल्या कळ्या नुसत्या सोलून ठेवल्या, त्यांना पराग लावूच दिला नाही.

मी विचारलं, "ही ओळ वाया कशाला घालायली?"

"हिथं बोंड धरलं तर कळी नीट सोलली न्हाई असं समजायचं," ती म्हणाली. "परागाला बिलकुल न शिवलेलं काही ठिवल्याबिगर कसं कळंल, हात चुकला का दुसरं काही?"

त्या ओळीत एकही बोंड धरलं नाही. लाल दोऱ्याची बोंडं टिकली, हिरव्याची गळाली. म्हणजे बायकांच्या हाताचा दोष नव्हता, नराची फुलं उशिरा येत होती. नराची झाडं लांबच्या वावरात होती, तिथून फुलं आणायचं काम वडिलांकडं होतं. वडिलांनी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवसापासून ते पहाटे निघायला लागले. प्रयोग म्हणजे काय हे मला पुस्तकात नंतर भेटलं. आधी भेटलं ते या प्लॉटवर.

आणि हे मी विसरलो होतो असंही नाही. दक्षिणेतल्या संस्थेच्या मुलाखतीत एका वयस्कर बाईंनी विचारलं, स्वतःच्या डोक्यानं केलेला एखादा प्रयोग सांगा. मी दोऱ्यांचा प्रयोग सांगितला, लाल, हिरवा, न शिवलेल्या ओळीसकट. फक्त "आईनं केलं" च्या जागी "मी केलं" म्हणालो. बाई खूश झाल्या. एका ठिकाणी आईला अडाणी केलं आणि दुसऱ्या ठिकाणी तिची अक्कल स्वतःच्या नावावर घातली. दोन्हीकडं निवड झाली. तेव्हा मला लाज वाटली नाही. कुठला देश बरा, याच विचारात मी होतो.

परदेशाची बातमी गावात पसरली आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी सत्कार ठरवला. ते म्हणाले, "असं काय लिहिलंस की त्यांनी तुला घेतलं? आपल्या पोरांना प्रेरणा मिळंल, मला पाठव." मी फुशारक्या मारायच्या नादात निबंध त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. ते त्याचं पुढं काय करतील हा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव, मागं फ्लेक्स, फ्लेक्सवर माझा पांढऱ्या कोटातला फोटो आणि त्याच्या डोक्यावर विमान. मला फेटा, शाल, श्रीफळ. आईलाही साडी देऊन स्टेजवर खुर्चीत बसवलं. मग सर माईकसमोर उभे राहिले आणि खिशातून कागद काढला. त्यांनी पूर्ण निबंधाचा मराठी अनुवाद केला होता, आणि चांगला केला होता. "माझी आई निरक्षर आहे," असं त्यांनी एकेक शब्द सुटा करत वाचलं. समोर बायकांमध्ये खुसखुस झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं, तू तर सातवी पास हायस ना?" काही जण हसले. सर थांबले नाहीत, "तिच्या अंधारातून" पर्यंत गेले. मी फेटा सावरायच्या निमित्तानं मान खाली घातली. कान इतके तापले की शाल काढून फेकावीशी वाटली. शेजारी आई मांडीवरच्या साडीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

घरी आल्यावर ती ओसरीत चिंच फोडायला बसली. मी बराच वेळ आतबाहेर केलं. शेवटी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"माय, ते तसं लिहावं लागतं."

"लिव की. मला राग न्हाई आला." तिनं दोन चिंचोके बाजूला टाकले. "येकच इचारते. मला कळणार न्हाई म्हणून लिवलं, मंग तू सांगितलं कधी?"

मी आठवून पाहिलं. पाच वर्षं शिकत होतो. एकदाही सांगितलं नव्हतं. ती विचारायची आणि मी म्हणायचो, "असतं काहीतरी, तुला न्हाई कळायचं." एक ओळसुद्धा तपासून पाहिली नव्हती आणि निकाल छापून मोकळा झालो होतो. मला रडू आलं. मी म्हणालो, "आता सांगतो. आत्ता बस, पहिल्यापासून सांगतो. मी कपाशीच्याच..."

"नको," ती मधेच म्हणाली. "आता नको सांगू. मला कळलं तर?"

"मंग बरंच हाय की."

"आन् तिकडून कुणी फोन लावून इचारलं मला? मला लबाड बोलता येत न्हाई. तुझी जागा जाईल."

ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. टोमणे मला परतवता येतात. पण ती खरोखर घाबरली होती, माझ्यासाठी.

दक्षिणेतल्या संस्थेत जाऊन निदान त्या बाईंना खरं सांगावं, असं त्या रात्री मनात आलं. सकाळी मी परदेशाला होकार कळवला.

इथं येऊन मला दोन वर्षं झाली. दर रविवारी फोन होतो. जेवलास का, थंडी किती, खोकला गेला का. कामाचं ती काही विचारत नाही. मी दोनदा आपणहून सुरुवात केली, तेव्हा तिनं फोन वडिलांकडं दिला. माझं खोटं ती अजून तिकडं बसून खरं करते आहे.