लाल झालं की लावायचं

जयंतकाका बोकिलांना मी कधी निर्णय घेताना पाहिलं नव्हतं.

दिल्लीत सरोजिनी नगरात आमचं क्वार्टर त्यांच्या शेजारी होतं. ते एका मंत्रालयात होते. आयुष्यभर त्यांनी फाइलवर टिपण लिहिलं आणि फाइल वर पाठवली. "आपण पुटअप करायचं," ते म्हणायचे. "मंजूर करणारे वेगळे." घरी मंजूर करायला पद्मजाकाकू होत्या. एकदा काकांना मार्केटात एक स्वेटर आवडला. दुकानदाराला थांबायला सांगून ते घरी आले आणि काकूंना त्याचा रंग समजावून सांगितला. "घ्या की," काकू म्हणाल्या. काका परत गेले तोवर स्वेटर विकला गेला होता. थंडी पडली की काकू हमखास म्हणायच्या, "आमच्या यांची फाइल अजून त्या दुकानात पडून आहे." काका हसायचे. त्यांनाही ते पटलेलं असायचं.

निवृत्तीनंतर ते गाझियाबादला फ्लॅटमध्ये आले. त्यांची एकुलती मुलगी इशिता शिकायला रॉटरडॅमला गेली आणि तिकडेच नोकरीला लागली. मग काकू गेल्या. मी जवळच भाड्याने राहते, म्हणून अधूनमधून जाते. घर नीट असतं. भिंतीवरचा पंखा पुसलेला असतो. फक्त भाजी रोज तीच असते, दुधी. काकूंनी आजारपणात शेवटचं "दुधी आणा" म्हटलं होतं. त्यानंतर दुसरी भाजी सांगणारं कुणी नव्हतं.

जाताना इशिता आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली. त्यावर तिने विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि बाबांना ते शिकवलंही होतं. काका सरकारी माणूस, सूचना वाचायची सवय. ते पटकन शिकले. तिने एकच ताकीद दिली होती. "सारखा चार्जिंगला लावून ठेवायचा नाही, बाबा. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लाल झालं की लावायचं. आधी नाही."

दर शनिवारी संध्याकाळी बापलेक त्या लॅपटॉपवर बोलत. काकांचा फोन बटणांचा. त्यावर चेहरा दिसत नाही.

मध्यंतरी एक अपडेट आलं आणि कोपऱ्यातलं चिन्ह नाहीसं झालं. दुसऱ्या कुणीही अंदाजाने चार्जर लावला असता. काकांनी लावला नाही. चिन्हच नव्हतं, मग लाल कुठून होणार? गेल्या शनिवारी इशिता म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं," आणि स्क्रीन काळी झाली. त्यांनी चार्जर जोडून सगळं पुन्हा सुरू करेपर्यंत तिची बाहेर निघायची वेळ झाली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आता राहू दे. पुढच्या शनिवारी. मला तुम्ही समोर दिसायला हवेत."

तो पुढचा शनिवार आला तेव्हा दुपारी काकांनी मला फोन केला.

"रुचिता, जरा येतेस का? बॅटरीचं चिन्ह आणायचंय."

"काका, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी साहित्य शिकलेय."

"तरी ये."

मी गेले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं.

"हे बघ," काका म्हणाले. "बॅटरी जागेवर आहे. किती उरली तो आकडाही येतोय. सात. म्हणजे खालच्या टेबलावर काम चोख आहे. पण तो आकडा वर चिन्हापर्यंत पोचवणारी एक सेवा असते, ती अपडेटनंतर बंद पडलीय. डिस्पॅच सेक्शनच बंद म्हण. म्हणून वरच्यांना वाटतं, बॅटरीच नाही."

"सात? मग लावा ना चार्जर आत्ता."

"इशू म्हणाली, लाल झालं की."

मी कपाळाला हात लावला. ते किंचित ओशाळले.

"बरं, मग ती सेवा कशी चालू करायची?"

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आज्ञा टाइप केलेली होती. पूर्ण. पासवर्ड देऊन झाला होता. शेजारच्या खिडकीत कुणाला तरी हीच अडचण आल्याची चर्चा होती, तिथे हाच उपाय होता, आणि खाली लोकांनी आभार मानले होते. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं.

"हे कधी टाइप केलंत?"

"सोमवारी. रोज बंद करतो, रोज परत टाइप करतो."

मला का बोलावलं, ते आत्ता कळलं. ज्याला लिनक्स येतं तो माणूस त्यांना नकोच होता.

"बरोबर वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"करा," मी म्हटलं.

त्यांनी लगेच एंटर दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग कोपऱ्यात इवलंसं चिन्ह उमटलं. लाल.

"लाल आहे," काका म्हणाले, आणि चार्जर लावला. मी त्यांना इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला थांबवून घेतलं. संध्याकाळी मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात लॅपटॉप वाजला.

"बाबा, दिसताय. यार, गेल्या वेळी घाबरलेच मी."

"बॅटरी होती. दुरुस्त झाली."

"बाबा, ऐका. हे लोक मला परमनंट करतायत. म्हणजे मग... परत यायचं राहूनच जाईल. सोमवारी सांगायचंय. काय सांगू? तुम्ही म्हणाल तसं करते. आई असती तर आईला विचारलं असतं."

मी कप घेऊन दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुपारी एंटरच्या आधी पाहिलं होतं, तसंच. दुपारी मला तो एक शब्द म्हणायला काहीच लागलं नव्हतं. आता मी कपातल्या चहाकडे पाहिलं.

"बाबा? हँग झालं का?"

"नाही. दिसतेस."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली आणि निघून गेली.

"राहा," काका म्हणाले.

"अच्छा, घाई नाही हं. उद्या सांगितलंत तरी..."

"राहा, इशू. सांग त्यांना."

"पक्का?"

"बिल्कुल."

ती नाक ओढत म्हणाली, "जेवणात काय आहे आज?" "दुधी," काका म्हणाले. बोलणं लवकर संपलं.

मी चहा टेबलावर ठेवला. काकांनी चार्जर काढला, वायर गुंडाळली, तिला रबर लावलं. चिन्ह आता हिरवं होतं. पुढच्या शनिवारपर्यंत त्या लॅपटॉपवर कुणाशी बोलायचं नव्हतं. तरी त्यांनी तो बंद केला नाही. खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि कोपऱ्यातल्या चिन्हाकडे बघत बसले.