दारातला चपलांचा जोड

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं, त्याबद्दल माफी असावी.

आम्ही नवरा-बायकोनं हिंगोलीत जिम काढली होती. दम लागेपर्यंत उड्या आणि वजनं. विमा एजंटानं दोन कागद पुढे ठेवले. एक यंत्रांचा, दुसरा तिथे कुणाला लागलं तर त्याच्या दवाखान्याचा. हप्ता एकाचाच झेपणार होता.

"यंत्रं महाग हायेत, पहिला घेऊ," आमचे मालक म्हणाले.

मी चारचौघांत बोलत नाही. पण सगळे घरी गेल्यावरही चपलांचा एक जोड जिमच्या दारातच राहिलेला मला स्वप्नात दिसायचा, जणू कुणी घरी पोचलंच नाही.

"दुसरा घ्या," मी म्हणाले.

"काहून?"

"यंत्राची माय दारात येऊन रडत न्हाई."

मालक हसले, पण सही दुसऱ्यावरच केली.

दसऱ्याला संध्याकाळी वजनांना हळदकुंकू लावून आम्ही तिथेच नारळ फोडला. पाणी पुसायचं राहिलं. तेवढ्यात व्यायामाला आलेले एक शाळामास्तर त्यावरून घसरले, गुडघा मोडला. चूक आमचीच होती. विम्याचे पैसे यायला वेळ होता, म्हणून मी बचत गटाकडून पैसे उचलून दवाखान्यात भरले.

पुढे मास्तर बरे झाले, त्यांच्या चपला पुन्हा जिमच्या दारात दिसू लागल्या. विम्याचे पैसे आले, त्याच दिवशी मी गटाचं सगळं फेडलं.